टॉलिव्हरवरची पितळी पाटी

"त्याच्याच गाडीत बसून आलीस ना?"

"गाडी कोकोवाल्या व्यापाऱ्याची आहे. सोवाने नुसती बॉडी बांधलीय."

"मग बसलीस कशावर? व्यापाऱ्यावर?"

त्सोत्सोने जेवणाचं भांडं नवऱ्यापुढे हळू ठेवलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं हळू ठेवलं. "फळीवर बसले. सोवाच्या फळीवर. पाठीला बरी लागते."

"पाठीला बरी लागते," नोर्तेने तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. "आणि माझ्या फळीला काय काटे आहेत?"

"तुमची फळी ओडुमच्या लाकडाची, देदेचे बाप. राजाने बसावं अशी. मला मासळीच्या टोपल्या घेऊन न्सावमच्या बाजाराला जायचं असतं, राज्याभिषेकाला नाही."

"सगळ्या बाजारात सांगत फिर. नोर्ते मिस्त्रीची बायको नोर्तेच्या गाडीत बसत नाही."

"मला कशाला सांगायला हवं. बाजाराला डोळे आहेत."

नोर्तेने भांड्यावरचं झाकण काढलं, नाकाशी नेलं, परत ठेवलं. "ही केळी कुठली?"

"न्सावमची."

"म्हणजे त्याच्याच गाडीतून आली."

"नाही, पोहत आली."

"मी खाणार नाही."

"नका खाऊ. कोमी आहे, कोमी खा. मका तरी सोवाने पेरलेला नाही." पुरुषांच्या घराच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबून तिने पदराच्या गाठीतली मिरचीची पुडीही काढून ठेवली, आणि ती बायकांच्या घरी निघून गेली. आमच्याकडे पुरुषांचं घर वेगळं, बायकांचं वेगळं. नोर्तेने कोमीच्या गोळ्यावरचा मक्याचा पाला सोलला. केळी शेजाऱ्याच्या कुत्र्याने खाल्ली. कुत्र्याला सोवाचं वावडं नव्हतं.

नोर्ते आणि सोवा आक्र्यात एकाच बाकावर सुतारकाम शिकले. मिशनच्या कार्यशाळेत एक दाढीवाला गोरा मास्तर होता. संध्याकाळी तो दोघांचं काम शेजारी शेजारी ठेवायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि जाता जाता दोनांतल्या एका तुकड्यावर बोटाने टकटक करायचा. बहुतेक वेळा ती टकटक नोर्तेच्या तुकड्यावर व्हायची. पण ज्या दिवशी व्हायची नाही त्या दिवशी पोराला झोप लागायची नाही. स्वतःचं काम बघण्याआधी शेजारचं काम बघायची त्याला तिथेच सवय लागली, ती जन्माची.

पुढे नोर्ते मोठा कारागीर झाला. सरदारांना मिरवणुकीत खांद्यावर नेतात त्या पालख्या तो बांधी. चॅपलमधलं प्रवचनाचं व्यासपीठ त्याचं. खिळा त्याला शिवीसारखा वाटे. खाच आणि तिच्यात बसणारं कुसू असं जुळवायचा की मधून केस जाणार नाही. सोवाचा हात चपळ, पण तसा नेमका नाही. तो मासळी भरायची खोकी करी, दारं करी, कोणी म्हणालं तर कोंबड्यांची खुराडीही करी, आणि काम करताना गिऱ्हाइकाशी सारखा बोलत राही. दोघांच्याही घरच्यांनी एकाच वर्षी त्सोत्सोच्या बापाचं दार वाजवलं, रिवाजाप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन. बापाने नोर्तेच्या बाटल्या ठेवून घेतल्या, सोवाच्या परत पाठवल्या. कोणाच्या ठेवायच्या ते त्सोत्सोला कोणी विचारलं नव्हतं. हे नोर्तेला माहीत होतं, आणि माहीत असणं हीच त्याची अडचण होती.

एवढं सगळं असूनही दोघांचं बरं चाललं असतं. मध्ये टॉलिव्हर आली.

टॉलिव्हर हा ओहायोतला लॉऱ्यांचा कारखाना. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याला इतक्या लॉऱ्या विकल्या की युद्ध संपल्यावर तयार माल कुठे खपवायचा हा प्रश्न पडला. कोणीतरी नकाशावर बोट ठेवलं असेल, ते आमच्या किनाऱ्यावर पडलं. इथे कोकोचे दिवस होते. आधीच्या विलायती लॉऱ्या हत्तीसारख्या. एका पावसात रस्ता फोडायच्या आणि त्याच खड्ड्यात बसायच्या. टॉलिव्हर हलकी होती, चढ चढायची, आणि बिघडली तर ड्रायव्हरला तारेच्या तुकड्याने दुरुस्त करता यायची.

पहिली आली ती ओहायोच्या थंडीसाठी बांधलेली. बंद पेटी, काचेच्या खिडक्या, बसायला गाद्या. न्सावमच्या चढावर आतल्या दोन बायका उकाड्याने बेशुद्ध पडल्या आणि गाद्यांना मासळीचा जो वास लागला तो लागलाच. टॉलिव्हरचा आक्र्यातला एजंट कोकर हा फ्रीटाउनचा मनुष्य, उन्हातही वेस्टकोट घालणारा. त्याने ओहायोला कळवलं की बाबांनो, इंजिन पाठवा, चाकं पाठवा, घर आम्ही बांधू. तेव्हापासून नुसत्या चासी, चाकांवरचे सांगाडे, यायला लागल्या. जहाज लांब समुद्रात उभं राही. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावर आडवी चासी ठेवत आणि वल्हेकरी गात गात लाटांवरून ती किनाऱ्याला आणत. एक चासी लाटेने नेली, ती अजून तिथेच आहे. किनाऱ्यावर आली की ड्रायव्हर रॉकेलच्या खोक्यावर बसून ती नागडी गाडी सुताराच्या अंगणात घेऊन जाई, आणि पोरंटोरं मागे धावत. सुट्या भागांची खोकी अमेरिकन पाइनची असत. त्या लाकडाचे पलंग झाले, दारं झाली, पाळणे झाले. आक्र्याच्या जेम्सटाउन वस्तीत कित्येक पोरं टॉलिव्हर या शब्दाखाली जन्मली.

पुढे कोकोचा भाव पडला, जगभर मंदी आली आणि ओहायोतला कारखाना बंद झाला. इथल्या गाड्यांना मात्र ते कोणी सांगितलं नाही. मेलेल्या गाडीचे दात जिवंत गाडीला बसवून त्या कितीतरी वर्षं धावत राहिल्या. पण ते सगळं नंतरचं. आपली गोष्ट कारखान्याच्या चांगल्या दिवसांतली आहे.

त्या चांगल्या दिवसांत दोन्ही सुतार टॉलिव्हरच्या बॉड्या बांधत. नोर्तेची बॉडी ओडुमची, काळसर सोनेरी, कडेला कोरीव वेल. सोवाची वावाच्या लाकडाची, फिकट, हलकी, अंगाने अगदी साधी. लोक नोर्तेची गाडी उभी राहिली की भोवती फिरून बघत, हात फिरवत, वा म्हणत. आणि मग सोवाच्या गाडीत जाऊन बसत. नोर्ते स्टँडवर आंब्याखाली उभा राहून हे बघायचा. वावा म्हणजे काय, अर्धा कागदच, तो येईल त्याला सांगे. वाळवी तिला न्याहारीला खाईल. लोक मान डोलवत. "खरं आहे, मिस्त्री," म्हणत, आणि सोवाच्या गाडीची शिडी चढत.

एक दिवस कोकरने दोघांना गोदामात बोलावलं.

"ओहायोचं म्हणणं आहे," तो म्हणाला, "एका शहरात कारखान्याचा एकच बॉडीवाला असावा. सगळ्या चासी त्याच्याकडे जातील. आणि ही बघा." त्याने कागदातून एक पितळी पाटी काढली. वर टॉलिव्हरचं नाव कोरलेलं, खाली मोकळी जागा. "इथे त्याचं नाव येईल. प्रत्येक गाडीच्या कपाळावर."

नोर्तेने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "मग ठरवा की, साहेब. काम समोर आहे."

"कामच ठरवेल. दोन नव्या चासी आल्यात. एकेक घेऊन जा. बॉडी बांधा आणि महिनाअखेरच्या शनिवारी बाजारात आणा. बायका माल भरतील. मी बघेन."

"बायका?" नोर्ते म्हणाला.

"गाडीत तू बसणार आहेस का, नोर्ते?" सोवा हसून म्हणाला. कोकरही हसला आणि त्याने सोवाच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो नव्या मॉडेलबद्दल काहीतरी सांगू लागला, यंदा ओहायोने काय बदललंय, बोटीत जास्त गाड्या मावाव्यात म्हणून काय केलंय. सोवा ऐकत होता, मध्ये मध्ये विचारत होता. नोर्तेचं लक्ष त्या हातावर होतं. सोवाच्या खांद्यावर किती वेळ राहतो, हे तो बघत होता. बराच वेळ राहिला.

घरी येऊन त्याने त्सोत्सोला विचारलं, सहज विचारल्यासारखं. "त्याच्या गाडीत असं काय आहे?"

"बसायला बरं वाटतं."

"बरं म्हणजे काय? बरं हे माप आहे का?"

"टोपली मांडीवर घ्यावी लागत नाही. उतरताना लुगडं अडकत नाही. मला काय कळतं, मी सुतार आहे का? त्यालाच विचारा."

"त्याला मी विचारू?"

"का, तोंड झिजेल? तो आम्हाला विचारतो. मला विचारलंन, टोपलीचा घेर किती, म्हणून."

"तुला विचारलंन," नोर्ते म्हणाला. "कधी?"

"झालं सुरू," त्सोत्सो म्हणाली.

विचारायचं नाही हे ठरल्यावर एकच वाट उरली. रविवारी सगळं गाव चॅपलमध्ये गेलं. सोवाने बांधलेली व्यापाऱ्याची जुनी टॉलिव्हर बाहेर सावलीत उभी होती. दुसरं भजन सुरू झालं तसा नोर्ते पोट धरून बाकावरून उठला. बाहेर येऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून सुतळी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामाचं माप घेतलं. लांबीला गाठ, रुंदीला गाठ, फळीच्या उंचीला गाठ. आतून त्याने स्वतःच उभ्या केलेल्या व्यासपीठावरून प्रवचन सुरू झालं, शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये असं. तो गाडीखाली पालथा होता.

छपराचे खांब मोजताना त्याचा हात थांबला. डाव्या बाजूचा तिसरा खांब इतरांच्या ओळीत नव्हता. वीतभर अलीकडे होता. त्याने पुन्हा मोजलं. उजव्या बाजूला असं नव्हतं. फक्त डावीकडे, फक्त तिसरा.

"हं," नोर्ते गाडीखाली म्हणाला. "असं आहे तर."

त्याला वाटलं, सापडलं. टोपल्या चढवतात त्याच बाजूला खांब सरकवलाय, म्हणून टोपली सरळ आत जाते. काय डोकं आहे लेकाचं. कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्या खांबासाठी त्याने सुतळीला दुहेरी गाठ मारली, आणि मत्सराने त्याचे कान गरम झाले, कारण ही युक्ती त्याला सुचायला हवी होती.

मग त्याने नवीन चासीवर बॉडी बांधली. लाकूड ओडुमच, त्यात तडजोड नाही. सांधे त्याचेच. पण माप सगळं सुतळीचं. पालखी बांधताना तो सरदाराच्या चार भोयांना उभं करून त्यांच्या खांद्यांची उंची घ्यायचा. या वेळी त्याने चासीला मापपट्टीही लावली नाही. मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच बाहेर जातोय हे त्याला दिसलं. त्याने सुतळी पुन्हा धरली. सुतळी तेच सांगत होती. सोवाने काहीतरी विचार केला असेल, असं म्हणून त्याने रंधा मारला.

त्सोत्सो जेवण घेऊन आली, गाडीभोवती फिरली. "छान झालीय. शेपूट लांब नाही का वाटत?"

"तुझ्या डोळ्याला सवय नाही. लांबी बरोबर तेवढीच आहे, जेवढी..." तो थांबला.

"जेवढी काय?"

"जेवढी हवी."

तिने तिसऱ्या खांबावर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शनिवारी मी तुमच्या गाडीत पहिली चढेन. सगळ्या बाजारादेखत. मग तरी केळी खाल?"

नोर्तेला इतका आनंद झाला की त्याने पाठ फिरवून तासलेलं लाकूड पुन्हा तासलं.

शनिवारी बाजार भरला. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. दाढीवाला मास्तर असता तर त्याने त्या दिवशीही नोर्तेच्याच कामावर टकटक केली असती, इतकी ती देखणी होती. सोवाची बॉडी या वेळी चांगलीच आखूड होती. नोर्तेने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. घाबरलाय, लाकूड कमी पडलंय.

"चला बायांनो," कोकर म्हणाला, "भरा."

त्सोत्सो पुढे झाली. धुरावलेल्या मासळीच्या आपल्या टोपल्या तिने एकामागून एक शेपटाकडून आत सरकवल्या. पाठोपाठ तिच्या बहिणीने आपल्या सरकवल्या, तिच्यामागे आणखी दोघींनी. मग त्सोत्सोने लुगडं सावरलं, शिडीवर पाय दिला, आत चढून वळली आणि सगळ्या बाजाराकडे बघून मान ताठ केली.

मागे तीन बायका एकदम चढल्या.

गाडीचं नाक हळूच वर गेलं. पुढची चाकं जमिनीवरून सुटली. पाल्यासाठी शेळी मागच्या पायांवर उभी राहते तशी ती टॉलिव्हर उभी राहिली, आणि ड्रायव्हर, स्टिअरिंग धरून, आभाळाकडे बघत बसला. टोपल्या घरंगळल्या. मासळी रस्त्यावर आली, तिच्यामागून बायका.

एक म्हातारी कोळीण म्हणाली, "त्सोत्सो, सकाळी काय खाल्लंस गं?"

"नवऱ्याचा शब्द," दुसरी म्हणाली. "जड असतो."

"मिस्त्री, ही गाडी न्सावमला जाते की स्वर्गात?"

"स्वर्गातच. बघा ना, निघालीच आहे."

बाजार हसून हसून बसला. त्सोत्सो मातीत बसून मासळी गोळा करत होती. ती हसली नाही आणि रडलीही नाही. मासळी एकेक करून पुसून टोपलीत ठेवत होती. सोवा धावत आला, दोन माणसांना घेऊन गाडीच्या नाकावर लोंबकळला आणि चाकं खाली आणली. मग त्याने उभं राहून बॉडीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, शेपटापर्यंत, आणि मग डाव्या बाजूच्या तिसऱ्या खांबावर त्याची नजर थांबली. त्याने नोर्तेकडे पाहिलं. नोर्ते बाजारातून निघून जात होता.

पाटी सोवाला मिळाली हे सांगायला नको.

रविवारी चॅपल सुटल्यावर सोवा नोर्तेच्या अंगणात आला. नोर्ते ओट्यावर बसला होता. त्सोत्सो जेवण घेऊन आली होती आणि भांडी आवरायच्या निमित्ताने रेंगाळत होती.

"बस म्हणणार नाहीस?" सोवा म्हणाला.

"ओटा तुझ्याच गाडीसारखा समज. सगळे बसतात."

सोवा बसला. "चासी आखूड झालीय म्हणून कोकरने सांगितलं होतं. तू तिथेच उभा होतास."

"माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

नोर्तेने ओट्यावरचा भुसा हाताने झाडला.

"बरं, एक सांग," सोवा म्हणाला. "तिसरा खांब अलीकडे का घेतलास?"

"टोपल्यांसाठी."

"टोपल्यांसाठी?"

"टोपली सरळ आत जावी म्हणून. तुला काय वाटलं, तुलाच कळतं?"

सोवा हसला नाही. हसला असता तर नोर्तेला पुढे काहीतरी करता आलं असतं. "नोर्ते," तो म्हणाला, "माझ्या त्या जुन्या गाडीत तुळईला तिथे किडीचं भोक होतं. नेमकं खांबाच्या जागी. दुसरी तुळई नव्हती, म्हणून खांब वीतभर सरकवला. चुकलेलं काम आहे ते. येता जाता मला लाज वाटते त्याची."

त्सोत्सोच्या हातातलं झाकण भांड्यावर बसताना वाजलं.

"तू ती चूकसुद्धा इतकी सुंदर केलीस," सोवा म्हणाला, "की शपथेवर सांगतो, मला काल तिथे उभं राहून तुझा राग आला. त्या खांबाचा सांधा बघितला मी. गाडी उभी राहिली, आपटली, एक कुसू हललं नाही. माझ्या बॉड्या न्सावमच्या चढावर म्हाताऱ्यांसारख्या कण्हतात. आई अजून म्हणते मला, नोर्तेसारखा रंधा धरायला शीक. ऐंशीला टेकली, अजून म्हणते."

"मग शीक."

"आता काय शिकणार. म्हणून आलोय." सोवाने गुडघ्यांवर हात ठेवले. "ओहायोकडून पुढच्या जहाजाने बऱ्याच चासी येतायत. एकट्याने होणार नाही. माप मी घेईन, बायकांशी मी बोलेन. सांधे तू कर. सगळे सांधे. कोणी मध्ये बोलणार नाही."

"आणि पाटीवर?"

"पाटी कोरायला गेलीय. त्यावर एकच नाव मावतं. ओहायोचा नियम आहे, माझा नाही."

"म्हणजे गाडीत सांधे माझे आणि कपाळावर तू."

"हो. खोटं बोलत नाही. कपाळावर मी. पण बॉडी टिकेल ती तुझ्यामुळे, आणि ते मला कळेल. रोज कळेल. तुला काय वाटतं, ते मला सोपं जाईल?"

अंगणात कोंबडी पाल्यात चोच मारत होती. नोर्ते स्वतःच्या हातांकडे बघत होता, उताणे, मग पालथे.

"देदेचे बाप," त्सोत्सो म्हणाली, "माणूस दारात आलाय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा."

"तू म्हणालीस तसं," नोर्ते तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाजाराला डोळे आहेत. आता बाजार माझ्या सांध्यांवर बसेल आणि त्याला वा म्हणेल."

"आणि मी?" त्सोत्सो म्हणाली. "मी नाही का बसणार? मला माहीत असेल ना कोणाचे आहेत ते."

सोवाने मान खाली घातली. त्या एका वाक्यावर त्याने मान खाली घातलेली नोर्तेने पाहिली, आणि त्याला कितीतरी वर्षांत पहिल्यांदा वाटलं की या माणसाकडेही काहीतरी नाही. त्याला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा, आणि लगेच आंबला.

"बोल, नोर्ते," सोवा म्हणाला. "उद्या लाकूड आणायला निघायचंय मला. ओडुम आणू की वावा? तू सांगशील ते आणतो."

नोर्ते उठला. खुंटीवरची टोपी घेतली, ती डोक्यावर नीट बसवली, ओट्यावरून उतरला, सोवाच्या शेजारून आणि मग बायकोच्या शेजारून चालत अंगणाच्या बाहेर पडला, आणि हो-नाही दोन्ही तिथेच सोडून समुद्राकडच्या गल्लीला लागला.